चुन्याचा मुहूर्त, प्लास्टिकचा रंग

वसमतच्या हळद उत्पादकाला ओलाव्याचं शास्त्र कुणी शिकवायला नको. शिजवलेली हळद तो दहा-पंधरा दिवस उन्हात पसरून ठेवतो, कांडी मोडून बघतो आणि ती खणखणीत तुटली तरच पोत्यात भरतो. ओलसर हळद पोत्यात गेली की बुरशी धरते आणि मोंढ्यात भाव पडतो, हे घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण त्याच घरात दसऱ्याच्या तोंडावर पेंटर येतो. चार महिने पाऊस प्यायलेल्या भिंतीवर पुट्टी ओढतो आणि वर प्लास्टिक पेंटचे दोन हात मारतो. ओली हळद पोत्यात कोंबून तोंड शिवावं, तसंच हे. पुढच्या आषाढात रंगाला फुगे येतात, श्रावणात पोपडे सुटतात, आणि दोष कंपनीच्या माथी नाहीतर पेंटरच्या.

दोष खरं तर मुहूर्ताचा आहे.

नवरात्राआधी घर सारवायचं, दिवाळीआधी चुना मारायचा, ही जुनी रीत चुन्यासाठी होती. चुन्याला भिंत किंचित ओलीच लागते. भिंत कोरडी असेल तर आधी पाणी शिंपडून घ्यावं लागतं. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू दगडासारखा घट्ट होतो, आणि त्या क्रियेलाही ओलावा हवा असतो. शिवाय चुन्याचा थर सच्छिद्र. भिंतीतली ओल त्यातून आश्विन-कार्तिकाच्या कोरड्या हवेत निघून जाते. चुना तीव्र अल्कली असल्याने ताज्या थरावर बुरशीला थारा मिळत नाही. म्हणजे आजीने पाळलेली तारीख तिच्या मालाला अगदी बरोबर होती. आपण माल बदलला आणि तारीख तीच ठेवली.

वसमतचा हिंगोली जिल्हा म्हणजे कोकण नव्हे. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर आणि हवा ठणठणीत कोरडी. जून ते सप्टेंबर मात्र कपाटातले कपडेसुद्धा दमट. एकाच भिंतीला वर्षात ही दोन्ही टोकं सोसायची असतात. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटसाठी केलेली कॅटलॉगं पाहून औंढ्याच्या किंवा सेनगावच्या घराची सजावट ठरवली की फसगत होते ती इथंच. इथल्या घराला पावसाळ्यात प्यायलेलं पाणी पुढच्या आठ महिन्यांत बाहेर टाकता आलं पाहिजे.

ते पाणी येतं कुठून? वरून, स्लॅबमधून. बाजूने, पावसाचा झोत अंगावर घेणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीतून. आणि सगळ्यात चिवट ते खालून. हिंगोलीची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया मुरमापर्यंत नेला नसेल, जोत्यात मुरूम भरून नीट ठोकलेला नसेल, तर या फुगण्या-आकसण्याने भिंत तडकते. त्यात भूकंपाच्या धक्क्यांची भर. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला जिल्ह्याने ४.५ तीव्रतेचे दोन धक्के अनुभवले. केसाएवढी चीर दिसायला क्षुल्लक, पण पावसाला आत यायला तेवढी वाट पुरते. विटांच्या बारीक छिद्रांतून ओल वर चढते, सोबत क्षार आणते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहून फुलतात. लोक म्हणतात, भिंतीला लोणा लागला. लोणा लागलेल्या भिंतीवर कितीही महाग रंग द्या, तो आतून ढकलला जातो.

अशा भिंतीवर हल्ली पीव्हीसीचे पॅनल ठोकतात. चार तासांत खोली चकाचक होते, पाहुणे वाखाणतात, आणि पॅनलच्या मागे बुरशी निवांत वाढत राहते. आजार झाकून ठेवण्याचा हा प्रकार वाईटच. भिंतीतून पाणी झिरपतंय तिथं पीओपीचंही तेच: तो जिप्समच असतो, पाण्याने मऊ पडतो. गळका स्लॅब आधी दुरुस्त न करता त्याखाली सिलिंग लावणं म्हणजे गळतीचा डाग दिसायला उशीर करणं फक्त.

मग लावायचं काय? जुने गवंडी सिमेंटच्या गिलाव्यावर नीरूची घोटाई करत, चुन्याचा तो पातळ गुळगुळीत थर. तो अजूनही करता येतो, आणि पुट्टीच्या अट्टहासापुढे त्याला विसरायला नको होतं. हा मागासलेपणा मुळीच नाही. जपानातही पावसाळा दमट असतो, आणि तिथल्या हिमेजी किल्ल्याच्या पांढऱ्या भिंती चुन्याच्याच गिलाव्याच्या. २०१५ साली पुरी झालेल्या मोठ्या दुरुस्तीतही तोच गिलावा पुन्हा चढवला गेला. मात्र ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंटवर चुना धरत नाही, आधीचा थर खरवडावा लागतो.

चुन्याची बाजू घेताना जुन्या घराचं सगळंच डोक्यावर घ्यायचं कारण नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदं कोसळली, हजारो माणसं झोपेतच गेली. मराठवाड्याने माळवद सोडलं ते त्या पहाटेनंतर, आणि योग्यच केलं. सांगाडा कॉलम-बीमचा, लोखंडाचा असू द्या. प्रश्न त्यावरच्या कातडीचा आहे.

फरशीचं थोडक्यात. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही. म्हणून डाग पडत नाहीत, पण चिखलाचे ओले पाय आले की पाणी वरच राहतं आणि म्हातारी माणसं घसरतात. ओसरी, न्हाणी आणि मागच्या दारी खरबरीत शहाबादीच बरी. लाकूडकामात दुकानदार ‘एमआर’ प्लाय दाखवतो. तो दमट हवेपुरता टिकतो, पाण्याला नाही. सिंकखाली आयएस ७१० चा शिक्का असलेला प्लाय मागून घ्यावा, न्हाणीला पीव्हीसीचं दार. पीव्हीसीची खरी जागा ती.

हे सगळं ऐपत असणाऱ्यांचं झालं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात केंद्राच्या निकषानुसार मूळ मदत १ लाख २० हजार रुपयांची, घर किमान २५ चौरस मीटरचं. त्यात आतल्या सजावटीला उरतं काय? पण हप्ते बांधकामाच्या टप्प्यांवर मिळतात आणि टप्प्यांचे फोटो अपलोड होतात. जोत्याच्या फोटोत भिंतीखालचा डीपीसीचा, म्हणजे ओल अडवणारा, थर दिसल्याशिवाय पुढचा हप्ता सोडू नये, एवढा नियम जिल्हा परिषदेने करावा. दीड इंच काँक्रीट आणि वॉटरप्रूफिंगची पावडर, एवढाच तो खर्च. आत्ता टाळला तर पन्नास वर्षं खालून ओल चढत राहणार, आणि ती उपसायला त्या कुटुंबाकडे कधीच पैसे नसणार.

ज्यांना प्लास्टिक पेंटच हवा, त्यांच्यासाठीही वाट आहे. नव्या गिलाव्याला पाणी मारून झाल्यावर किमान महिनाभर वाळू द्यावं. आणि रंगकाम दसऱ्याला सोयाबीनच्या पैशाची वाट बघत करण्यापेक्षा उन्हाळ्यात काढावं. एप्रिल-मे मध्ये भिंत हाडासारखी कोरडी असते, पेंटर मोकळा असतो, आणि वसमतच्या मोंढ्यात हळदीचं माप पडून हातात पैसाही आलेला असतो.