उपग्रह निवृत्त झाले. प्रयोग निवृत्त होऊ नये

अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने ऑगस्ट २०२५ मध्ये नोआ-१९ आणि नोआ-१५ हे दोन हवामान उपग्रह अवघ्या काही दिवसांच्या अंतराने सेवामुक्त केले. नोआ-१८ त्याआधी जूनमध्येच थांबला होता. १९९८ साली अवकाशात गेलेला नोआ-१५ सत्तावीस वर्षे राबला. त्यांच्या जागी नवे उपग्रह कधीच कार्यरत झाले असल्याने हवामानाच्या अंदाजात फारसा खंड पडलेला नाही. खंड पडला तो अन्यत्र. जगभरातील शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना थेट अवकाशातून चित्र मिळवून देणारी सर्वांत सोपी वाट या निवृत्तीने बंद झाली.

ही वाट १९६०च्या दशकापासून चालत आली होती. हे उपग्रह १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास, दर सेकंदाला दोन ओळी या संथ गतीने, ढगांचे चित्र ध्वनीच्या रूपात खाली पाठवत असत. घड्याळाच्या टिकटिकीसारखा तो आवाज संगणकावर ध्वनिमुद्रित केला की त्यातून चित्र उलगडे. खर्च अत्यल्प होता. दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण पाहण्यासाठी बनवलेल्या एका स्वस्त डोंगलचा उपयोग सर्वसाधारण रेडिओ ग्राहक म्हणून करता येतो, हे २०१२च्या सुमारास हौशी तंत्रज्ञांच्या ध्यानात आले आणि पूर्वी महागड्या यंत्रांनी होणारे काम काही हजार रुपयांत होऊ लागले.

मग आता हा प्रयोग संपला काय? मुळीच नाही. रशियाचे मेटिओर मालिकेतील उपग्रह त्याच १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अंकीय पद्धतीने चित्रे पाठवतात. चित्र अधिक रेखीव असते. मात्र संकेत दुर्बळ झाला की जुन्या पद्धतीप्रमाणे नुसती खरखर दिसत नाही, चित्राचे पट्टेच गळून पडतात. म्हणजे अँटेना नीट बांधण्यास आता पर्याय उरलेला नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरूनही अधूनमधून १४५.८ मेगाहर्ट्झवर चित्रे प्रसारित होतात.

अँटेना तरी काय? सुमारे ५३ सेंटिमीटर लांबीच्या दोन धातूच्या सळ्या, १२० अंशांच्या कोनात आडव्या बसवलेल्या, आणि डोंगलपर्यंत जाणारी केबल. सळीची ही लांबी तरंगलांबीच्या साधारण चौथ्या भागाइतकी असते, हे विद्यार्थ्याने स्वतः मांडलेल्या गणितातून कळते. उपग्रह क्षितिजावर उगवून मावळेपर्यंत जास्तीत जास्त पंधराएक मिनिटे मिळतात. एवढ्या वेळात वारंवारता सुमारे तीन किलोहर्ट्झ वरून तितकीच खाली सरकते, आणि पाठ्यपुस्तकातील डॉप्लर परिणाम पडद्यावर सरकताना दिसतो.

मोबाइलवर उपग्रहचित्रे क्षणात मिळत असताना हा खटाटोप कशाला, असा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, मोबाइलवरचे चित्र ही तयार वस्तू असते. स्वतः मिळवलेल्या चित्रात माडांच्या झावळ्यांनी अडवलेला संकेत असतो, सैल झालेला सांधा असतो, शेजारच्या चार्जरचा गोंगाट असतो. चुकीचे कारण शोधणे हेच तर अभियांत्रिकीचे शिक्षण होय.

येथे धोरणाचा प्रश्न उपस्थित होतो. केंद्र सरकारने २०२५-२६च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत ५० हजार अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा केली. या योजनेत एका प्रयोगशाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळत आले आहे. गोव्यातही शालेय कोडिंग व रोबोटिक्सवर भर दिला जात आहे. तयार संच जोडून चालणारा रोबोट प्रदर्शनात शोभतो. परंतु प्रयोगशाळेचे यश खरेदीच्या यादीवरून मोजले जाऊ लागले, तर हाती सांगाडा उरेल. अनुदानाच्या तुलनेत नगण्य खर्चाचा हा प्रयोग भौतिकशास्त्र, भूगोल आणि संगणक यांना एका टेबलाशी आणतो. फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांतील विद्यार्थ्यांनी जवळच्या शाळांना हात दिला, तर मार्गदर्शकांचा प्रश्नही बराचसा सुटेल.

भारताची स्वतःची जबाबदारीही आहे. २००५ साली इस्रोने सोडलेला हॅमसॅट २०१४ पर्यंत हौशी रेडिओधारकांच्या सेवेत होता. २०१६ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ आणि मुंबई आयआयटीचा ‘प्रथम’ हे विद्यार्थ्यांनी घडवलेले उपग्रह अवकाशात गेले. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईच्याच सोमय्या संस्थेचे रेडिओ उपकरण इस्रोच्या ‘पोएम’ मंचावरून फिरले; पण तो मंच मार्चमध्ये पृथ्वीच्या वातावरणात परतला. असे प्रयत्न स्वागतार्ह असले तरी सुटे-सुटे आहेत. शाळांना आपला उपग्रह म्हणून वर्षानुवर्षे ऐकता येईल असा साधा, अखंड संकेत देणे इस्रोला अशक्य नाही.

दोन मर्यादा मात्र ध्यानी ठेवाव्यात. हा प्रयोग केवळ ग्रहणाचा आहे; प्रक्षेपणासाठी हौशी रेडिओचा परवाना लागतो. दुसरे, वादळाच्या वेळी अधिकृत इशारा हवामान खात्याचाच मानावा आणि विजा चमकत असताना गच्चीवरील अँटेना उतरवावी.

मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्यालगत गेले, तेव्हा अनेक गावे अंधारात होती. अरबी समुद्रावर काय घडते आहे, हे त्या दिवसांत प्रत्येक घर विचारत होते. तो प्रश्न आकाशालाच विचारून उत्तर उकलू शकणारी मुले गावोगाव असावीत. त्यासाठी लागणारी गुंतवणूक दोन सळ्या, एक डोंगल आणि वेळ देणारा एक शिक्षक एवढीच आहे. त्यातील दुर्मीळ वस्तू तिसरी आहे.