आंब्याची फांदी बटाट्यात खोचणाऱ्यांनो, थांबा



पावसाळा लागला की मोबाईलवर तोच व्हिडिओ फिरतो. आंब्याची फांदी तोडा, बटाट्यात नाहीतर कोरफडीत खोचा, वरून बाटली उपडी घाला, एकवीस दिवसांत मुळ्याच मुळ्या. आपल्या डोणगावातल्याही चार-दोन जणांनी पाठवला, "भाऊ, करून पाहू का?"

नका करू. सरळ खोटं आहे ते.

तोडलेल्या फांदीत अन्नाचा साठा असतो. त्याच्या जोरावर ती आठ-पंधरा दिवसांत पालवी फोडते अन् आपण खूश. पण पालवी फुटली म्हणजे मुळी फुटली असं नसते, भाऊ. साठा संपला की फांदी मान टाकते. व्हिडिओवाला मात्र पालवी दाखवून मोकळा होतो. मुळ्या दाखवायच्या तर कोयीचं रोप उपटून बटाट्यात बसवलं तरी कोणाला कळते? बटाटा मातीत सडतो, त्याची बुरशी फांदीच्या कापाला लागते, हा वरचा फायदा! आंब्याच्या जून लाकडाला सहजी मुळी फुटत नाही, म्हणूनच तर कोयीच्या खुंटावर कलम बांधायची रीत पडली.

माझा राग चार फांद्या वाळल्याचा नाही. फांद्या वाळल्या की पोरं म्हणतात, घरी काही जमत नाही, गाडीवरून रोपं घेऊ. अन् गाडीवाल्याला मायझाड कोणतं हे विचारा बरं! डाळिंबाचा तेल्या अशाच रोपांसंग बागेत शिरतो. संत्र्याचं तं आणखी वाईट. खुंट जंभेरीचा की कशाचा, डोळा चांगल्या झाडाचा की वांझ झाडाचा, हे कळायला पाच-सहा वर्षं जातात. तोवर पाणी, खत, मजुरी कोणाची गेली? डोळा जमिनीपासून किमान वीतभर वर भरलेला पाहिजे, अन् लावताना तो जोड मातीत गाडायचा नाही, नाहीतर डिंक्या आलाच. एवढं तरी पाहून घ्या.

छाटाला खरंच जमणारी झाडं आहेत की! डाळिंब, अंजीर, द्राक्ष, तुती. बियाचं डाळिंब लावलं तर भगवा भगवा राहत नाही, ते फांदीवरूनच करावं लागते. एक वर्षाची, पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगत खाली, तिरपा. वरचा सरळ, म्हणजे उलटी लागणार नाही (उलट्या काड्या लावणारे महाभाग आहेत). कृषी केंद्रात रूटिंग पावडर मिळते, तिच्यात खालचं टोक बुडवा अन् दोन-तीन डोळे वाळूमिश्रित मातीत जाऊ द्या. ओल ठेवा, चिखल नको. काडी तेल्या नसलेल्या बागेतलीच घ्या अन् कैची दर झाडाला निर्जंतुक करा. बागेत तेल्या असंल तं त्या बागेची काडी फुकट दिली तरी आणू नका, सोयऱ्याची असली तरी.

पेरू अन् लिंबाला छाटापेक्षा गुटी बरी. आता पाऊस धरलाय, वेळ हीच आहे. अंगठ्याएवढ्या फांदीची इंचभर साल गोल काढा, ओलं शेवाळ लावा, वरून प्लास्टिक गच्च बांधा. महिना-दीड महिन्यात मुळ्या प्लास्टिकमधूनच दिसतील. मुळ्या दिसल्यावरच फांदी कापा, पालवी पाहून नाही.