जादूगाराच्या खात्यात किती मंत्र?

इंद्राने दिलेली शक्ती कर्णाला एकदाच वापरता येणार होती आणि ती त्याने अर्जुनासाठी जपून ठेवली होती. पण युद्धाच्या चौदाव्या रात्री घटोत्कचाने कौरवसेनेची दाणादाण उडवली, तेव्हा ती त्याच्यावर सोडावी लागली. अर्जुनासाठी काही उरले नाही. दिव्य शक्ती मोजूनमापून मिळते आणि ती कधी खर्च करायची यातच सगळी कसोटी असते, हे आपल्याला नवे नाही. दिल्ली, नोएडा, गुडगाव भागातल्या काही घरांमधून सुटीच्या दिवशी अशाच प्रश्नावर वाद रंगतो, तो मात्र 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळावरून. (गुडगाव, म्हणजे २०१६पासूनचे गुरुग्राम, हे द्रोणाचार्यांना मिळालेले गाव अशी परंपरा आहे. तेव्हा तिथे अस्त्रविद्येवर भांडण व्हावे, हे ठीकच!)

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर यात एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो. बाकीचे कुणी तलवारबाज, कुणी चोर, कुणी जादूगार होतात आणि फासे टाकून आपापले नशीब अजमावतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकन जोडीने तो १९७४ साली बाजारात आणला. जादूचा नियम त्यांनी जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५०च्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकावरून घेतला. मंत्र पाठ करायचा, उच्चारला की तो मनातून पुसला जातो, पुन्हा हवा असेल तर पुन्हा पाठांतर! पुढे हे विसरणे गेले, पण मोजमाप राहिले. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत पाचव्या पायरीवरच्या जादूगाराला लहान मंत्रांचे ४, मधल्यांचे ३ आणि मोठ्यांचे २ कप्पे मिळतात. ते संपले की आठ तासांची विश्रांती घ्यायची, मग पुन्हा भरतात.

जादूगार होणाऱ्याला हे कप्पे जाचतात. लहान मंत्र शिल्लक असतात, हवा असतो मोठा. म्हणून त्याच वर्षीच्या 'डंजन मास्टर्स गाईड'मध्ये पर्याय दिला गेला, तो गुणांचा. कप्प्यांऐवजी एकच खाते. लहान मंत्राला २ गुण, मधल्याला ३, मोठ्याला ५. वरच्या जादूगाराच्या खात्यात २७ गुण जमा. चार दुणे आठ, तीन त्रिक नऊ आणि पाच दुणे दहा. बेरीज बरोबर २७. हिशेब चोख आहे, मग तक्रार कसली?

तक्रार खर्चाच्या बाजूला आहे. कप्प्यांच्या पद्धतीत 'फायरबॉल' हा अग्निगोलाचा मोठा मंत्र दोनदाच टाकता येतो. गुणांच्या पद्धतीत तो पाचदा टाकून दोन गुण उरतात, म्हणजे वर एक लहान मंत्र! एक गोळा २० फूट त्रिज्येतल्या सगळ्यांना भाजतो. शेजारी बसलेला तलवारबाज त्याच पायरीवर एका पाळीत दोन वार करतो. पाच गोळे पडून गेल्यावर त्याने वार करायचे कुणावर? असा मुलगा भांडत नाही. तो फासे खेळवत बसतो आणि पुढच्या रविवारी त्याला काहीतरी काम निघते. चार-पाच जणांच्या टोळीतून एक गळला की खेळच मोडतो.

पुस्तकाचा हिशेब असा, की दोन झोपांच्या मध्ये सहा ते आठ चकमकी होतील, तेव्हा जादूगाराला हात आखडता घ्यावाच लागेल. दिल्लीत हे जमवायचे कसे? नोएडाहून निघालेला मुलगा राजीव चौकाला मेट्रो बदलून गुडगावला पोहोचेपर्यंत दुपारचा बराचसा भाग जातो. मंडळी महिन्यातून एकदा जमतात, एखादीच मोठी चकमक होते आणि 'तुम्ही झोपलात, सकाळ झाली' म्हणून सूत्रधार वह्या मिटतो. पुढच्या वेळी खाते पुन्हा २७! अशा घरात गुणांची पद्धत म्हणजे जादूगाराला रोजचा पगार आणि महिन्यातून एक दिवस काम.

तरीही गुण हवेच असतील, तर बैठक संपली म्हणून रात्र झाली असे धरू नये. उरलेले गुण वहीत लिहून ठेवावेत आणि पुढच्या महिन्यात तिथूनच सुरुवात करावी. १९७५च्या 'टनल्स अँड ट्रोल्स' या खेळात मंत्राची किंमत जादूगाराच्या अंगच्या ताकदीतून वजा होते. मंत्र टाकणारा थकतो, मग त्याला आडोसा द्यायला तलवारबाज लागतोच. ही युक्तीही उसनी घेण्याजोगी आहे.

आपल्या कथांतला मार्ग त्याहून कडक आहे. नारायणास्त्र दुसऱ्यांदा वापरले तर वापरणाऱ्यावरच उलटते, म्हणून दुर्योधनाने गळ घालूनही अश्वत्थाम्याने ते पुन्हा सोडले नाही. सूत्रधाराने लहान मंत्रांना गुण लावावेत आणि अग्निगोल मात्र एका मोहिमेत एकदाच, असे ठरवून पाहावे. तो कधी टाकायचा हे जादूगाराने एकट्याने न ठरवता सगळ्यांना विचारून ठरवावे. त्या चर्चेत अर्धा तास जाईल, पण तलवारबाजही त्यात तावातावाने बोलत असेल.