प्रलयाला पडलेली तारीख

२०२५ च्या पितृपक्षात नवागामातील माझ्या कचेरीत एक अशील आला. खानदेशातून सुरतेस येऊन यंत्रमागावर वीस वर्षे काढलेला हा मनुष्य. मुलीच्या महाविद्यालयाचे शुल्क भरण्याची मुदत त्याने बुद्ध्याच जाऊ दिली होती. कारण विचारता संकोचून म्हणाला, "वकीलसाहेब, घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सारेच आटोपणार म्हणतात. मग पैसा कशाला अडकवायचा?" आणि त्याने भ्रमणध्वनीवरील एक चित्रफीत माझ्यापुढे धरली. मूळ भाकीत दक्षिण आफ्रिकेतील जोशुआ म्हलाकेला या गृहस्थाचे. २३ व २४ सप्टेंबरला, यहुद्यांच्या नववर्षदिनी, येशू आपल्या भक्तांना उचलून नेणार, असे ते. त्यावर आपल्याच कोणा भाषाबंधूने मराठी निवेदन चढविले होते आणि शेवटी अश्वारूढ कल्की उभा केला होता.

प्रस्तुत लेखकाचे भांडण त्या परदेशी गृहस्थाशी थोडे आणि या भाषाबंधूशी फार आहे.

जो विधान करतो त्याने ते सिद्ध करावे, हे तत्त्व १८७२ च्या साक्षीपुराव्याच्या कायद्यात होते आणि त्याची जागा घेणाऱ्या आजच्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. प्रलयाची तारीख सांगणारा मात्र हे ओझे ऐकणाऱ्याच्या डोक्यावर ठेवतो. "होणार नाही कशावरून?" असा त्याचा उलट सवाल असतो. बरे, पुरावा म्हणून तो काय दाखल करतो, तर आकडे आणि सण.

आधी सणांचे पाहू. अमेरिकेतील टेक्सासचे धर्मोपदेशक जॉन हेगी यांनी २०१३ साली चार 'रक्तचंद्रां'वर पुस्तक लिहिले. २०१४ व २०१५ या दोन वर्षांतील चार खग्रास चंद्रग्रहणे यहुद्यांच्या पेसाह आणि सुक्कोथ या सणांवर येतात, तेव्हा जगाला हादरविणारे काही घडणार, असा त्यांचा दावा. ऐकणारा थक्क होतो. पण हे दोन्ही सण आपापल्या महिन्याच्या पंधराव्या तिथीस येतात, म्हणजे पौर्णिमेस. आणि चंद्रग्रहण पौर्णिमेवाचून कधी झाले आहे काय? आपले पंचांग उघडावे. १५ एप्रिल २०१४ आणि ४ एप्रिल २०१५ या दोन्ही दिवशी हनुमान जयंती होती. ८ ऑक्टोबर २०१४ ही आश्विनी पौर्णिमा. चौथे ग्रहण २८ सप्टेंबर २०१५ चे. त्या वर्षी आपल्याकडे अधिक आषाढ पडल्यामुळे ते अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपदी पौर्णिमेस आले. मग हे संकेत मारुतीचे आणि गणपतीचे का मानू नयेत? यहुद्यांचे पंचांग आपल्यासारखेच चांद्रसौर आहे. एकोणीस वर्षांत सात अधिकमास घालून ते चंद्राची सूर्याशी सांगड घालतात, आपल्याकडेही हिशेब जवळजवळ तोच बसतो. म्हणूनच २०२५ साली त्यांचे नववर्ष आणि आपली घटस्थापना पाठोपाठ आली, आणि त्यांच्या सातव्या महिन्याची दशमी, म्हणजे प्रायश्चित्ताचा योम किप्पुर, २ ऑक्टोबरला नेमक्या आपल्या दसऱ्यास पडली. गूढ एवढेच की चंद्र एकच आहे.

हा योम किप्पुर आपल्या कोकणाला परका नाही. अलिबागच्या बाजूचे बेने इस्राएल, ज्यांना लोक शनिवार तेली म्हणत, या दिवसाला 'दारफळणीचा सण' म्हणत आले. घरांची दारे लावून घ्यावयाची, उपवास करावयाचा, कोणाशी संपर्क ठेवावयाचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी, 'शिळ्या सणा'ला, पुन्हा माणसांत यावयाचे. ज्यांचा सण आहे त्यांनी त्या दिवशी दार लावले ते दुसऱ्या दिवशी उघडण्यासाठी. अंताचा दिवस मोजीत बसणाऱ्यांना यहुद्यांच्या तालमूदमध्ये चक्क शाप दिलेला आहे. ख्रिस्ताच्या शुभवर्तमानातही तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही असे म्हटले आहे. म्हणजे ज्यांच्या ग्रंथांतून ही वकिली चालते, ते ग्रंथच मुळी वकीलपत्रावर सही करीत नाहीत.

आता आकडे. न्यूयॉर्क राज्यातील विल्यम मिलर या शेतकऱ्याने दानिएलाच्या ग्रंथातील २३०० दिवस घेतले, एका दिवसाचे एक वर्ष केले आणि ख्रिस्तपूर्व ४५७ पासून मोजणी सुरू केली. १८४३ आले. ते टळल्यावर ध्यानात आले की कालगणनेत शून्य वर्ष नाही, मग १८४४. पुढे त्याच्या अनुयायांनी योम किप्पुरची तिथी धरून २२ ऑक्टोबर नक्की केला. मौज अशी की बहुसंख्य यहुद्यांचा योम किप्पुर त्या साली २३ सप्टेंबरलाच होऊन गेला होता. म्हणून कराइत या छोट्या पंथाचे पंचांग पुढे करण्यात आले. सोयीचा साक्षीदार मिळेपर्यंत साक्षीदार बदलावयाचे, ही रीत आम्हा वकिलांना अपरिचित आहे असे म्हणवत नाही! पण अनेकांनी त्या हंगामात शेतातले पीक काढलेच नाही. त्यांचा हिवाळा कसा गेला असेल?

कॅलिफोर्नियाचे हॅरल्ड कॅम्पिंग त्याहून धाडसी. पाच म्हणजे प्रायश्चित्त, दहा म्हणजे पूर्णता, सतरा म्हणजे स्वर्ग. तिघांचा गुणाकार ८५०, त्याचा वर्ग ७,२२,५००. ख्रिस्ताच्या वधापासून इतके दिवस मोजले की २१ मे २०११. वर्ग का, घन का नाही, हे विचारावयाचे नाही. कित्येकांनी आयुष्याची पुंजी त्या प्रचारात ओतली. पुढल्या वर्षी कॅम्पिंग यांनी तारीख सांगणे हे पाप होते अशी कबुली दिली. पुंजी काही परत आली नाही.

येथे आपण हसण्यापूर्वी १९६२ आठवावे. फेब्रुवारीच्या ३ ते ५ तारखांस मकर राशीत अष्टग्रही झाली. गोवा मुक्त होऊन दीड महिना झाला होता, आणि देशभर लोक प्रलयाच्या भयाने होमकुंडात तूप ओतीत होते. त्यानंतर पंधरवड्यात तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान सुरळीत झाले. होम केला म्हणून प्रलय टळला, असे सांगणारेही निघालेच. आणि कल्कीला घोड्यावर बसविण्याची घाई करणाऱ्या भाषाबंधूने निदान स्वतःची पुराणे तरी वाचावीत. कलियुग ४,३२,००० वर्षांचे. पैकी सव्वापाच हजारही अजून सरलेली नाहीत. उसन्या भयाला घरचा देव चिकटविणे ही श्रद्धा नव्हे. मंदिराच्या ओट्यावर अशा चित्रफिती दाखविल्या जातात आणि विश्वस्त मंडळी गप्प बसतात, हे मला धर्मनिष्ठेचे लक्षण वाटत नाही.

याच कॅम्पिंग यांनी त्याआधी सप्टेंबर १९९४ ही मुदत दिली होती. त्याच महिन्यात आमच्या सुरतेत प्लेग आला. लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. कोणाच्या हे ध्यानात आले तर तो उद्या कॅम्पिंगना द्रष्टा ठरवील, म्हणून आधीच सांगतो: त्यांच्या गणितात ना सुरत होती, ना प्लेग. होते ते तुंबलेले पाणी आणि न उचललेला कचरा, आणि तो वाचावयास दानिएलाचा ग्रंथ लागत नव्हता. पुढल्या वर्षी महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी झाडू, गटारे आणि दंडाच्या पावत्या या साधनांनी शहर पालटले.

माझ्या अशिलाने अखेर विलंब-आकारासह शुल्क भरले. २४ सप्टेंबरच्या रात्री त्याच्या गल्लीत देवीची आरती नेहमीच्या वेळी झाली. ती चित्रफीत परवा मला पुन्हा कोणी पाठविली. कल्की तोच आहे, निवेदनही तेच. खालची तारीख तेवढी नवी आहे.