बैलाच्या मानेवरचे जू आणि लाख कोटींचा निधी

पंढरपूर तालुक्यात गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांच्या टायरगाड्या पहाटेपासून कारखान्याची वाट धरतात. उतारावर आणि वळणावर साऱ्या ओझ्याचा रेटा बैलांच्या मानेवर येतो. माना सुजतात, कातडी सोलवटते, आणि बैल बसला की मजुराच्या कुटुंबाचा हंगामही बसतो. ओढकामाच्या जनावरांवर किती ओझे लादावे याचे नियम १९६५ सालीच झाले आहेत. जुवाचा घाट मात्र पिढ्यान्‌पिढ्या तोच राहिला आहे.

याच रस्त्यांनी आषाढीला वारकरी येतात, तेव्हा त्यांच्या डोक्यावरून गर्दीवर नजर ठेवणारे ड्रोन फिरतात. ड्रोन बनवणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली १२० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना काढली. जुलै २०२५ मध्ये खासगी क्षेत्रातील संशोधनासाठी एक लाख कोटी रुपयांच्या निधीला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. ड्रोन नको असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न असा आहे की, जनतेच्या पैशातून होणाऱ्या संशोधनाला विषय कोण देतो, तो पैसा कोणाच्या हाती पडतो आणि त्यातून निघालेले ज्ञान अखेर कोणाच्या मालकीचे होते?

हा प्रश्न पंढरपूरला नवा नाही. १९०६ साली या गावी आलेली बार्शी लाइट रेल्वे हे वाहतूक तंत्रातील एका धाडसी प्रयोगाचे फळ होते. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फुटी रुळांवर चालणारी अशी गाडी आखली की, इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये. भार सारखा वाटला गेल्यामुळे हलके रूळ पुरले आणि गरीब मुलखातही रेल्वे परवडू लागली. १८९७ साली इंग्लंडात लीड्सजवळ या गाड्यांची चाचणी झाली, आणि त्याच वर्षी कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंतचा मार्ग सुरू झाला. परंतु कंपनी लंडनची होती. तिकीट वारकऱ्याने काढावे आणि लाभांश लंडनच्या भागधारकाने घ्यावा, ही व्यवस्था १९५४ मध्ये रेल्वे सरकारच्या ताब्यात येईपर्यंत टिकली.

याच कॅल्थ्रॉपचे दुसरे संशोधन विमानविद्येतले होते, आणि त्याची कथा उलट्या बाजूने तोच धडा देते. १९१० साली त्याचा मित्र चार्ल्स रोल्स विमान कोसळून मरण पावला. वैमानिकाचा जीव वाचावा या ध्यासाने कॅल्थ्रॉपने हवाई छत्री तयार केली आणि पदरचा पैसा त्यात ओतला. १९१७ साली लंडनच्या टॉवर ब्रिजवरून उडी घेऊन तिचे प्रात्यक्षिकही झाले. तरी ब्रिटिश हवाई दलाने पहिले महायुद्ध संपेपर्यंत आपल्या विमानांच्या वैमानिकांना ती दिली नाही. तिचे वजन अधिक होते, ही अडचण खरी होती. पण छत्री हाताशी असली तर वैमानिक विमान सोडून देतील, अशीही शंका वरिष्ठांच्या मनात होती. १९१८ मध्ये जर्मन वैमानिक छत्रीने जीव वाचवत होते, आणि ब्रिटिश तरुण जळत्या विमानासह खाली येत होते. रेल्वेच्या प्रयोगात भागधारकांना नफा दिसला, म्हणून भांडवल मिळाले. छत्रीत फक्त माणसाचा जीव होता, आणि ती कल्पना हाती घेऊन तिचे वजन कमी करण्याची जबाबदारी राज्यसंस्थेने वेळीच पत्करली नाही.

म्हणून लहान संशोधकाला सरकारने पैसा द्यावा हे तत्त्व योग्यच आहे. बाजारपेठेचे गोडवे गाणाऱ्या अमेरिकेनेही ते १९८२ साली कायद्याने स्वीकारले. ज्या सरकारी खात्यांचा बाहेरून करून घ्यायच्या संशोधनावरील खर्च दहा कोटी डॉलरहून अधिक आहे, त्यांनी त्यातला ठरावीक हिस्सा लहान उद्योगांसाठी राखलाच पाहिजे, असे बंधन रेगन यांच्याच सहीने घातले गेले. नासा आणि वाहतूक खाते दोन्ही त्यात आहेत. खाते आपले प्रश्न जाहीर करते. कल्पना व्यवहार्य आहे की नाही हे तपासण्यासाठी आधी छोटी रक्कम मिळते आणि ती कसोटी उतरली तर मोठी. अर्थात तेथेही शोधाचा हक्क उद्योगाकडेच राहतो. जोखीम जनतेची आणि मिळकत मालकाची, हा भांडवलशाहीचा नियम त्या कायद्याने मोडलेला नाही.

भारतातील योजनांनी मात्र त्या कायद्यातला चांगला भाग सोडला आणि वाईट भाग उचलला. लाख कोटींचा निधी तंत्रसिद्धतेच्या चौथ्या पायरीपासून पुढच्या प्रकल्पांसाठी आहे. नऊ पायऱ्यांची ही शिडी मुळात नासाची. चौथी पायरी म्हणजे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले तंत्र. ज्याच्याजवळ प्रयोगशाळाच नाही त्याने पहिल्या तीन पायऱ्या कशाच्या बळावर चढाव्यात? रेल्वेने जून २०२२ मध्ये नवउद्योगांसाठी दीड कोटीपर्यंतचे अनुदान जाहीर केले. पण खर्चाचा निम्मा वाटा अर्जदाराने उचलायचा आणि बौद्धिक संपदेचा हक्क मात्र पूर्णपणे त्याचाच. संरक्षण खात्याची २०१८ ची योजनाही समान वाट्याच्या तत्त्वावरच उभी आहे. ट्रेलर जोडणारा पंढरपूरचा वेल्डर असा वाटा कोठून आणणार? दारावर 'लहान उद्योग' अशी पाटी आहे आणि उंबरठा भांडवलदाराच्या मापाचा आहे.

कल्पनांचा दुष्काळ आहे, हे म्हणणेही खोटे आहे. २०२२ साली सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरजवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बैलगाडीच्या पुढच्या बाजूला आधाराचे चाक बसवून मानेवरचा भार हलका करण्याची युक्ती दाखविली. त्याच्याही कितीतरी आधी, १९८१ साली, 'ॲपल' उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी घेताना धातूच्या वाहनाचा अडथळा येऊ नये म्हणून शास्त्रज्ञांनी उपग्रह बैलगाडीवर ठेवला होता. त्या छायाचित्राचे देशाने कौतुक केले. बैलगाडी विज्ञानाच्या कामी आली. विज्ञानाने तिची परतफेड करायची अजून राहिली आहे.

चळवळीतील काही साथींचा आक्षेप असा की, खासगी कारखानदाराला, तो कितीही लहान असो, सार्वजनिक पैसा देणे हेच मुळात चूक आहे; संशोधन सरकारी प्रयोगशाळांनी करावे. या आक्षेपामागची भीती रास्त आहे, निष्कर्ष नाही. हात आणि डोके यांची फारकत हेही शोषणाचेच एक रूप आहे, आणि राजधानीतील प्रयोगशाळा ते आपोआप दूर करीत नाही. राममनोहर लोहिया यांनी १९५२ साली पचमढीच्या अधिवेशनात लहान यंत्राचा आग्रह धरला, तो कष्टकऱ्याच्या आवाक्यातील तंत्रासाठी. त्या आग्रहाला धोरणाचे रूप देणे हे समाजवाद्यांचेच काम आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. एसटी महामंडळ, रेल्वे आणि सहकारी साखर कारखाने यांनी आपल्या खर्चाचा ठरावीक अंश लहान कार्यशाळांच्या संशोधनासाठी राखावा आणि विषय ठरविताना चालक, यांत्रिक कामगार व ऊसतोड मजूर यांच्या संघटनांना बसवून घ्यावे. आषाढीला एसटीच्या पाच हजारांवर जादा गाड्या धावतात; त्यांत काय बिघडते हे डेपोतल्या मेकॅनिकइतके कोणाला ठाऊक असणार? पहिल्या टप्प्याची रक्कम तारण व स्वतःचा वाटा न मागता मिळावी. कारागिरांच्या सहकारी संस्था व औद्योगिक प्रशिक्षण संस्था तिला पात्र असाव्यात. जनतेच्या पैशातून निघालेला आराखडा ठरावीक वर्षांनंतर सर्वांसाठी खुला व्हावा आणि तोवरच्या नफ्यात सार्वजनिक तिजोरीचा वाटा असावा.

मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी याच पंढरपुरात उपोषण केले आणि विठ्ठलाच्या मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडले गेले. आज ज्ञानाच्या आणि तिजोरीच्या दारावर पहारा आहे तो अर्जाच्या अटींचा. तो कायमचा मानण्याचे कारण नाही. येत्या हंगामात साखर कारखान्यांच्या सभासदांच्या सभा होतील, तेथे कार्यकर्त्यांनी पहिला ठराव बैलाच्या मानेवरच्या जुवाविषयी मांडावा.