मालिका संपली, पण अण्णा नाईक का जात नाहीत?

मध्यरात्र उलटली की पनवेल स्थानकात तळकोकणाकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात. आधी कोकणकन्या, मग तुतारी. तुतारीचं शेवटचं स्थानक सावंतवाडी. तिथून जवळच आकेरी नावाचं गाव आहे. रामेश्वराच्या मंदिरासाठी ते पूर्वीपासून प्रसिद्ध होतं, पण २०१६ नंतर गावाला आणखी एक ओळख चिकटली: अण्णा नाईकांचा वाडा. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी गेलेली माणसं वाट वाकडी करून हा वाडा बघायला जाऊ लागली. वाडा खरा आहे, पण अण्णा नाईक नावाचा माणूस कधीच नव्हता.

'रात्रीस खेळ चाले' ही मालिका फेब्रुवारी २०१६ मध्ये झी मराठीवर रात्री उशिराच्या वेळेत सुरू झाली. दुसरं पर्व २०१९ मध्ये आलं आणि तिसरं २०२१ मध्ये. तिसरं संपूनही काही वर्षं झाली. तरी पांडूचं 'इसरलंय' अजून मीममध्ये दिसतं, शेवंता कोण हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही आणि मालिकेचे जुने भाग मोबाइलवर पुन्हा पाहिले जातात. दैनंदिन मालिका संपली की सहसा महिनाभरात विसरली जाते. मग ही का टिकली?

सोपं उत्तर 'भूत' हे आहे. पण भुतांच्या मालिका मराठी आणि हिंदीत इतरही आल्या, आणि त्यांच्या नायकांची नावं आज कुणाला आठवत नाहीत.

या मालिकेचं नावच उसनं आहे. ते १९७६ च्या 'हा खेळ सावल्यांचा' या चित्रपटातल्या गाण्यावरून घेतलं आहे. गीत सुधीर मोघे यांचं, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचं, आवाज महेंद्र कपूर यांचा. म्हणजे पहिला भाग लागण्याआधीच प्रेक्षकाच्या मनात चाळीस वर्षांपूर्वीची एक भीती जागी होती.

दुसरी गोष्ट भाषेची. १९८० पासून 'वस्त्रहरण'च्या हजारो प्रयोगांनी मालवणी बोली महाराष्ट्रभर नेली, पण हसवणारी बोली म्हणून. या मालिकेत तीच बोली दरडावते, कुजबुजते, शाप देते. माधव अभ्यंकर यांचे अण्णा मोठ्याने ओरडत नाहीत तेव्हा जास्त भीती वाटते, हे बहुतेक प्रेक्षक मान्य करतील.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याकडे फारसं लक्ष जात नाही: मालिकेच्या मुळाशी भूत नाही, जमीन आहे. पहिलं पर्व अण्णांच्या मृत्यूने सुरू होतं. मुंबईकडची मुलं गावी येतात आणि वाड्यात एकमेकांकडे संशयाने बघू लागतात. दुसरं पर्व काळात मागे जातं आणि अण्णांनी जमिनी कशा बळकावल्या, कुणाला कसं संपवलं, शेवंताला कसं गुंतवलं ते दाखवतं. तिसऱ्यात मेलेले परत येतात. क्रम उलटसुलट असला तरी प्रश्न एकच राहतो: हा वाडा नेमका कुणाचा?

इंग्रजी साहित्यात अशा गोष्टींना 'गॉथिक' म्हणतात. जुनी वास्तू, दडवलेलं पाप आणि पुढच्या पिढीला भोगावी लागणारी फळं. या प्रकारातली पहिली कादंबरी मानली जाणारी होरेस वॉलपोलची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' १७६४ ची आहे. तिचा विषयही हाच आहे: किल्ला हडपलेला आहे आणि खरा वारस दुसराच आहे. अडीचशे वर्षांनी आकेरीत सातबारा आला, एवढाच फरक.

अमेरिकेत याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण 'डार्क शॅडोज'. एबीसी वाहिनीवर १९६६ ते १९७१ या काळात ही मालिका दुपारी लागायची. सुरुवातीला प्रतिसाद बेताचाच होता. १९६७ मध्ये बार्नबस कॉलिन्स नावाचा रक्तपिपासू आला, जोनाथन फ्रिडने तो साकारला आणि शाळेतून पळत घरी येणारी मुलं तिची प्रेक्षक झाली. मालिका बंद पडल्यावरही चाहत्यांचे मेळावे अनेक वर्षं भरत राहिले. बाराशेहून जास्त भागांपैकी जवळजवळ सगळे आज उपलब्ध आहेत, एकाच भागाची चित्रफीत हरवली आहे. थोड्या दिवसांसाठी आणलेला खलनायक मालिकेचा मालक होऊन बसतो, हे अण्णांच्या बाबतीतही घडलं. पहिल्या पर्वाच्या सुरुवातीलाच मेलेला माणूस दुसऱ्या पर्वात नायक झाला.

शेवंताचं थोडं वेगळं आहे. अपूर्वा नेमळेकर यांनी तिला असं रूप दिलं की तिसऱ्या पर्वात त्यांच्या जागी कृतिका तुळसकर आल्यावर प्रेक्षकांनी तुलना सोडलीच नाही. चाहते पात्रावर हक्क सांगतात, तो असा.

आता पुन्हा पनवेल. मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६, इथूनच सुरू होतो. पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघर भागात कोकणातून आलेली हजारो कुटुंबं राहतात. पनवेल महानगरपालिका झाली १ ऑक्टोबर २०१६ ला, पहिलं पर्व चालू असतानाच. जुन्या पनवेलमधले वाडे एकेक करून पाडून इमारती उभ्या राहिल्या. विमानतळाने जमिनीचे भाव कुठल्या कुठे नेले. ज्याची खाडीकाठची शेती गेली आणि ज्याचं गावचं घर दहा महिने कुलपात असतं, ते दोघे आज एकाच सोसायटीत शेजारी आहेत. सामाईक सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मेलेल्यांची, हा अनुभव दोघांच्याही ओळखीचा. सही करायला मेलेला माणूस येऊ शकत नाही, पण त्याचं नाव काढल्याशिवाय व्यवहारही पुढे सरकत नाही. अण्णा नाईकांचं भूत कागदोपत्री असं असतं.

कायदाही याच काळात बदलत होता. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच हक्क आहे आणि त्यासाठी वडील २००५ च्या दुरुस्तीच्या दिवशी हयात असण्याची अट नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. योगायोग म्हणजे दुसरं पर्व त्याच महिन्यात संपलं. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने अवैध विवाहातून झालेल्या मुलांनाही आईवडिलांच्या वाट्यातून हिस्सा मिळेल, असं सांगितलं. मात्र विवाहच झालेला नसेल तर ही तरतूद लागू होत नाही. मालिकेतल्या सुषमाला, म्हणजे अण्णा-शेवंताच्या मुलीला, आजही वाड्यात आपोआप वाटा मिळाला नसता. अण्णांनी मृत्युपत्रात तिच्यासाठी काही ठेवलं असतं तरच.

आक्षेपांचंही सांगायला हवं. मालिका सुरू होताच सिंधुदुर्गातून विरोधाचा सूर उमटला: कोकण म्हणजे भुताटकी असं चित्र उभं राहतं, अंधश्रद्धा वाढते. राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्येच झाला होता, त्यामुळे हा मुद्दा नुसता अस्मितेचा नव्हता. कोकणात राखणदाराला नारळ ठेवणारा माणूस त्याला भूत मानत नाही, रक्षक मानतो. हा फरक रात्री साडेदहाच्या मालिकेत बऱ्याचदा पुसला गेला, आणि ही तक्रार रास्त आहे.

पण कोकणच्या भीतीला मागणी आहे, हे पुढेही दिसलं. एका गाडलेल्या देवाच्या आणि हावरट वारसांच्या गोष्टीवरचा 'तुंबाड' २०१८ मध्ये आला तेव्हा बेताचा चालला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. त्यातलाही वाडा वारसाहक्काने मिळालेला आहे, आणि त्यातला नायकही दर फेरीला कोकणात जाऊन थोडं सोनं घेऊन परततो.