विश्लेषण : गोळ्या सुरू असतानाही नैराश्य गडद, ‘शॉक’ला उशीर कशासाठी?

नैराश्याच्या गोळ्या नियमित सुरू आहेत, तरी रुग्ण पहाटे तीनलाच जागा होतो. सकाळ सर्वांत जड जाते, जेवण सुटते, हालचाली मंदावतात. नातवंड मांडीवर येऊन बसले तरी चेहऱ्यावरची रेष हलत नाही. हे ‘मेलँकोलिक’ नैराश्य. घरचे म्हणतात, ‘मनावरच घेत नाहीत.’ पण हा आळस नव्हे.

पहिली गोळी अपुरी पडणे नवलाचे नाही. अमेरिकेतील मोठ्या ‘स्टार-डी’ अभ्यासात पहिल्या औषधाने जेमतेम एकतृतीयांश रुग्ण लक्षणमुक्त झाले. अशा वेळी डॉक्टर डोस, थायरॉइड, दारू आणि पूर्वीचा उन्माद तपासतात. मग औषध बदलतात, जुन्या ट्रायसायक्लिक गटातले देतात किंवा लिथियमची जोड देतात. गोळ्या परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे.

अन्नपाणी सुटले किंवा आत्महत्येचे विचार बळावले, तर वाट पाहण्यात अर्थ नसतो. या प्रकारात ईसीटी, म्हणजे विजेचा उपचार, गोळ्यांपेक्षा लवकर गुण देतो. तरी नाव काढताच नातेवाईक उठून जातात. ही भीती बरीचशी चित्रपटांची देणगी! २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय ईसीटी देताच येत नाही. उपचाराच्या आसपासच्या काही आठवणी पुसट होतात, तेही डॉक्टरांनी लपवू नये. पण ‘सगळे करून पाहिले, आता शॉक’ अशा शेवटच्या धमकीसारखा तो पुढे येतो, तेव्हा रुग्णाचे कित्येक महिने वाया गेलेले असतात. गोळीबरोबरच या पर्यायाचीही माहिती द्यायला काय हरकत आहे?

तातडीच्या सल्ल्यासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.